आमच्या घरातली फेरारी आणि मॅकलॅरेन

आमच्या इंदूरच्या घरात क्रिकेटवरून कधी भांडण झालं नाही. सचिन खेळायला उतरला की सगळे एकाच बाजूचे. भांडणं व्हायची ती फॉर्म्युला वनवरून, आणि तीही फक्त दादा आणि माझ्यात. तो फेरारीचा, मी मॅकलॅरेनची. त्याचा रंग लाल, माझा रुपेरी. बाबा कोणाचेच नव्हते. "दीड तास गोल गोल फिरायचं आणि निघालो तिथेच येऊन थांबायचं, यात कसली आलीय शर्यत?" असं त्यांचं मत होतं आणि ते शेवटपर्यंत बदललं नाही.

ही गोष्ट १९९८ची. केबलवर स्टार स्पोर्ट्स दिसायचं. युरोपातली शर्यत आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेपाचला सुरू व्हायची, म्हणजे शेवटच्या फेऱ्या आणि दिवेलागण नेमकी एकत्र यायची. आई देवाजवळ दिवा लावताना टीव्हीचा आवाज बंद करायला लावायची. त्यामुळे १९९८ सालच्या कितीतरी शर्यतींचे शेवट मी मुक्यानेच पाहिले आहेत.

मी मॅकलॅरेनची का झाले, याचं खरं कारण सांगायचं तर दादाला चिडवायला. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, इंजिनीअरिंगला, आणि मायकेल शूमाकर म्हणजे त्याचा देव. मग मी शूमाकरला हरवू शकणारा एकमेव माणूस शोधला. फिनलंडचा मिका हॅकिनेन. कमी बोलणारा, शांत चेहऱ्याचा. १९९८ला तो विश्वविजेता झाला आणि मी वर्षभर दादाचं जिणं हराम केलं.

आता जे सांगणार आहे ते मी बरीच वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. ११ जुलै १९९९, सिल्व्हरस्टोन. पहिल्याच फेरीत शूमाकरच्या गाडीचे मागचे ब्रेक निकामी झाले आणि फेरारी सरळ टायरच्या भिंतीत घुसली. त्याला उठता येईना. भोवती चादरी धरल्या गेल्या. उजवा पाय मोडला होता. आणि मी, चौदा वर्षांची, टाळ्या वाजवत म्हणाले, "बरं झालं! आता मिकाच जिंकणार!"

दादाने उठून टीव्ही बंद केला आणि चपला घालून बाहेर निघून गेला.

त्यानंतर तीन महिने आमच्यात कामापुरतंच बोलणं झालं. मधे राखी आली. त्याने हात पुढे केला, मी राखी बांधली, त्याने पाकीट दिलं, सगळं न बोलता. आईला वाटलं, अभ्यासावरून काही झालं असेल. ऑक्टोबरमध्ये मलेशियात शूमाकर परत आला, सहा शर्यती चुकवून. त्या दिवशी दादाने बाहेरच्या खोलीतून मला हाक मारली, "येतेस का? सुरू होतंय." बस्स, एवढंच. त्या वर्षीही हॅकिनेनच जिंकला, फेरारीच्या एडी अर्व्हाइनपेक्षा फक्त दोन गुण जास्त मिळवून. पण मला नाचावंसं वाटलं नाही.

पुढच्या वर्षी एक प्रसंग आम्ही दोघांनी शेजारी बसून पाहिला. मॉन्झाला शूमाकर जिंकला आणि आयर्टन सेन्नाच्या ४१ विजयांची त्याने बरोबरी केली. शर्यतीनंतर पत्रकारांसमोर त्याला कोणीतरी त्याबद्दल विचारलं आणि हा कठोर म्हणून ओळखला जाणारा माणूस ढसाढसा रडायला लागला. शेजारी बसला होता हॅकिनेन, त्या घडीला विजेतेपदासाठी त्याच्याशी झुंजणारा. त्याने शूमाकरच्या पाठीवर हात ठेवला आणि जरा थांबा म्हणून पत्रकारांना सांगितलं. दादा माझ्याकडे बघत नव्हता, मी त्याच्याकडे बघत नव्हते. त्यांचं त्यांच्यात बरं चाललं होतं; भांडत होतो ते आम्ही.

२०००च्या ऑक्टोबरमध्ये जपानमध्ये शूमाकर जिंकला आणि फेरारीच्या चालकाला १९७९नंतर, म्हणजे तब्बल २१ वर्षांनी विश्वविजेतेपद मिळालं. दादाने गल्लीत पेढे वाटले. लोक विचारत होते, कसले? नोकरी लागली का? त्याच दिवाळीत त्याने एक लाल टोपी आणली, समोर उधळलेला काळा घोडा असलेली. अर्थात नकली.

मग जे सुरू झालं ते सलग पाच वर्षं चाललं.

एकच संघ जिंकत राहतो तेव्हा नेमकं काय होतं, हे २००२ ज्याने पाहिलं त्याला वेगळं सांगायला नको. १७ शर्यती, त्यातल्या १५ फेरारीच्या. शूमाकर एकट्याने ११ जिंकला आणि उरलेल्या सहांतही पहिल्या तिघांच्या बाहेर गेला नाही. जुलै संपायच्या आत, सहा शर्यती बाकी असताना, तो विश्वविजेता होऊन मोकळा. दादाने एकदा वहीच्या मागच्या पानावर बेरीज करून मला दाखवली होती: फेरारीचे २२१ गुण, आणि मैदानातल्या बाकीच्या सगळ्या संघांचे मिळूनही २२१. मी दोनदा बेरीज करून पाहिली. बरोबर होती.

हे काही जादूने झालं नव्हतं. ज्याँ तोद १९९३ला फेरारीत आले, शूमाकर १९९६ला, त्याच्यामागून त्याच्याच जुन्या संघातले रॉस ब्रॉन आणि गाडीचा आराखडा करणारे रोरी बर्न. माणसं जमवायला आणि त्यांना एकमेकांची सवय व्हायला चार-पाच वर्षं गेली. फेरारीकडे स्वतःच्या मालकीचे सराव-ट्रॅक होते, आणि तेव्हा सरावावर आजच्यासारखी बंधनं नव्हती. टायर देणारी ब्रिजस्टोन कंपनी जणू त्यांच्याच मापाने टायर शिवत होती. दादाच्या भाषेत, "आचारी, भांडी, चूल आणि भाजीवाला, सगळं घरचं."

पण त्याच वर्षी, मे महिन्यात ऑस्ट्रियामध्ये, त्याचा चेहरा पडलेला मी पाहिला. रुबेन्स बॅरिकेलो, शूमाकरचाच साथीदार, पहिल्या फेरीपासून पुढे होता. सगळी शर्यत त्याने चोख चालवली. शेवटच्या काही फेऱ्यांत संघाने त्याला शूमाकरला पुढे सोडायला सांगितलं, आणि अंतिम रेषेच्या अगदी तोंडाशी, सरळ पट्ट्यावर, बॅरिकेलोने वेग कमी केला. शूमाकर पुढे. प्रेक्षकांनी जी हुर्यो उडवली ती टीव्हीतूनही अंगावर आली. मग शूमाकरने ओशाळून बॅरिकेलोला पहिल्या पायरीवर ढकललं, चषक त्याच्या हातात दिला. विजयमंचाचे नियम मोडले म्हणून त्यांना दहा लाख डॉलरचा दंड झाला. गंमत बघा, दंड पायरी बदलल्याचा. शर्यत बदलल्याचा नाही, कारण तेव्हा तो नियमभंगच नव्हता!

बाबा नेमके तेव्हा खोलीत होते. "निकाल आधीच ठरलाय तर बघायचं कशाला?" ते म्हणाले. एरवी दादाने पाऊण तास वाद घातला असता. तो नुसता बसून राहिला. हॅकिनेन २००१ संपताना बाजूला झाला होता, तो परत आलाच नाही. "मिका हवा होता," दादा म्हणाला. माझ्या माणसाची आठवण त्याला माझ्याआधी आली.

मी मात्र हातची संधी सोडणारी नव्हते. "एकच संघ सगळं खातो, हा काय खेळ?" असं मी म्हटलं, तेव्हा त्याने शांतपणे मला १९८८ ऐकवलं. त्या वर्षी १६पैकी १५ शर्यती माझ्याच मॅकलॅरेनने जिंकल्या होत्या, सेन्ना आणि अॅलन प्रोस्टने वाटून घेऊन. उरलेली एक मॉन्झाची, इटलीतली. फेरारीचे संस्थापक एन्झो फेरारी वारून महिनाही झाला नव्हता. दोन फेऱ्या उरल्या असताना आघाडीवरचा सेन्ना एका मागे पडलेल्या गाडीला ओलांडताना तिच्यावर आदळला, आणि पहिल्या दोन्ही जागा फेरारीला. गेऱ्हार्ड बर्गर पहिला, मिकेले आल्बोरेतो दुसरा. मॉन्झाच्या लोकांना तो वर्षश्राद्धाआधीच पावलेला पितर वाटला असेल! दादा ही गोष्ट अशी सांगतो की जणू तो तिथे उभा होता. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि आमच्याकडे दूरदर्शनशिवाय काही नव्हतं.

एक संघ फार पुढे गेला की नियम बदलायचे, ही या खेळाची जुनी रीत. २००३ला गुण देण्याची पद्धत बदलली, दुसऱ्या क्रमांकाला सहाऐवजी आठ गुण, म्हणजे विजेता लवकर सटकू नये. २००४ला तरीही फेरारीने १८पैकी १५ जिंकल्या. मग २००५ला सांगितलं, शर्यतीच्या मध्ये टायर बदलायचे नाहीत. फेरारीचं सगळं गणित कोसळलं. वर्षभरात एकच विजय, तोही अमेरिकेत, जिथे टायरच्या धोक्यामुळे मिशेलिन वापरणाऱ्या सगळ्या संघांनी माघार घेतली आणि फक्त सहा गाड्या धावल्या. त्या सहांत एक आपला नारायण कार्तिकेयन होता, कोईमतूरचा. तो चौथा आला आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय ठरला. सहांत चौथा, असं कोणी हिणवलं की मला अजून राग येतो. गाडी तर शेवटपर्यंत आणावी लागतेच ना.

पुढे मी लग्न करून इंदुरातच राहिले, दादा नोकरीला पुण्यात गेला. २०१३ला आम्ही ठरवून ग्रेटर नोएडाला भारतीय ग्रां प्री पाहायला गेलो, तो विमानाने, मी रेल्वेने. तेव्हा रेड बुलचं राज्य होतं. सेबॅस्टियन व्हेटेलने भारतातल्या तिन्ही शर्यती जिंकल्या, आणि ही तिसरी जिंकून सलग चौथं विश्वविजेतेपद. त्याने आनंदाच्या भरात मुख्य स्टँडसमोर गाडी गरागरा फिरवली, धुराचे लोट उठले, आणि तो गाडीपुढे गुडघ्यावर बसला. नियमबाह्य म्हणून संघाला २५ हजार युरो दंड. त्या वर्षी युरोपात तो जिंकला की लोक त्याची हुर्यो उडवत. इथे आपल्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. माझ्या मॅकलॅरेनचा चालक त्या सबंध वर्षात एकदाही पहिल्या तिघांत आला नाही. दादाने दिवसभर मला एका शब्दाने डिवचलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, २९ डिसेंबरला, आल्प्समध्ये स्कीइंग करताना शूमाकरच्या डोक्याला जबर मार लागल्याची बातमी आली. मी पुण्याला फोन लावला. बोलायला काही सुचेना. शेवटी म्हटलं, "दादा, ते सिल्व्हरस्टोनचं..." तो म्हणाला, "अगं, चौदा वर्षांची होतीस तू." फोनवर थोडा वेळ कोणीच बोललं नाही. शूमाकर तेव्हापासून लोकांसमोर आलेला नाही. कुटुंबाने त्याचं आजारपण घरातच ठेवलं आहे, आणि दादाही त्याबद्दलच्या उलटसुलट बातम्या वाचत नाही.

नंतर मर्सिडीज. २०१४ला नवं हायब्रिड इंजिन आलं आणि त्यांनी टर्बोचे दोन भाग इंजिनाच्या दोन टोकांना बसवायची युक्ती काढली. त्या पहिल्या तीन वर्षांत बाकीच्यांना उष्टंखरकटं मिळालं. सलग आठ वर्षं संघांचं विजेतेपद त्यांचं. या काळाबद्दल मला फार सांगता यायचं नाही, मी पाहणंच सोडलं होतं. पण माझी लेक त्यातच मोठी झाली आणि लुईस हॅमिल्टनची भक्त झाली. टाळेबंदीत दादा सहकुटुंब इंदूरला परत आला तो राहिलाच, आणि त्याचा मुलगा, माझा भाचा, मॅक्स व्हर्स्टापेनचा. म्हणजे मर्सिडीज आणि रेड बुल. बाहेरच्या खोलीत पुन्हा दोन बाजू झाल्या.

१८ जुलै २०२१. आई भुट्ट्याचा कीस करत होती. पुन्हा सिल्व्हरस्टोन, पुन्हा पहिलीच फेरी. कॉप्स नावाच्या वळणावर हॅमिल्टनचं पुढचं चाक व्हर्स्टापेनच्या मागच्या चाकाला लागलं आणि त्याची गाडी भिंतीवर आदळली, ५१ जी इतक्या धक्क्याने. म्हणजे क्षणभर माणसाचं वजन पन्नासपट. आणि माझी अकरा वर्षांची लेक सोफ्यावर उभी राहून ओरडली, "येस्स! गेला!"

दादाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. कसं ते मला सांगता येणार नाही.

मी तिला गच्चीत नेलं आणि १९९९ची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "पण व्हर्स्टापेन मुद्दाम अंगावर घालतो, आई." मी म्हटलं, "असेल." मग जरा वेळाने तिनेच विचारलं, "त्याला लागलंय का खूप?" आम्ही खाली आलो तेव्हा त्याला इस्पितळात नेलं होतं, आणि दहा सेकंदांची शिक्षा भोगूनही हॅमिल्टन जिंकून झेंडा मिरवत होता. भाचा पानावर बसला पण जेवला नाही. त्या रात्री समाजमाध्यमांवर हॅमिल्टनला त्याच्या वर्णावरून इतक्या घाणेरड्या शिव्या पडल्या की संघ आणि आयोजक दोघांनाही निषेध करावा लागला. पुढच्या वर्षी ऑस्ट्रियात तर हॅमिल्टनची गाडी पात्रता फेरीत आदळली तेव्हा स्टँडमधून जल्लोष ऐकू आला. माझ्या लेकीने तो ऐकला आणि ती माझ्याकडे न बघता आत निघून गेली.

त्या डिसेंबरातली अबू धाबी सगळ्यांना माहीत आहे. दोघांचे गुण समान, ३६९.५. हॅमिल्टन आरामात पुढे, आणि शेवटी शेवटी एक गाडी भिंतीला लागून सेफ्टी कार आली. शर्यत-संचालकांनी मधल्या गाड्यांपैकी फक्त पाचच पुढे काढल्या, शेवटची एक फेरी मोकळी सोडली, आणि ताज्या टायरवरचा व्हर्स्टापेन पुढे निघून गेला. नंतर चौकशीत त्याला मानवी चूक म्हटलं, त्या गृहस्थांना बाजूला केलं, निकाल मात्र तोच राहिला. लेक उशीत तोंड खुपसून रडत होती. भाचा एक उडी मारून थांबला. आमच्याकडे थंडीत गराडू तळतात, त्याने आपली बशी तिच्याजवळ सरकवली आणि म्हणाला, "हे बरोबर नाही झालं. पण मॅक्स जिंकला." दोन्ही वाक्यं खरी होती. मला त्या पोराचा अभिमान वाटला.

२०२३ला रेड बुलने २२पैकी २१ जिंकल्या. १९ एकट्या व्हर्स्टापेनने, त्यातल्या दहा लागोपाठ. भाचाच कंटाळला. ऑगस्टपर्यंत तो शर्यत लावून मोबाइल बघत बसायला लागला. दादा त्याला म्हणाला, "मला विचार, २००२ कसं गेलं ते." आणि तरी हे होऊ नये म्हणून किती तजवीज केलेली! खर्चाला मर्यादा आहे. हवेचा दाब तपासायच्या विंड टनेलची वेळही अशी वाटतात की जो जिंकला त्याला सर्वांत कमी, शेवटच्याला सर्वांत जास्त. पंगतीत ज्याने भरपेट जेवून घेतलं त्याला पुढच्या वेळी हात राखून वाढायचं. याचा गुण यायला वेळ लागतो, पण येतो. २०२४ला सात वेगवेगळे चालक जिंकले.

मजेची गोष्ट म्हणजे ज्या एड्रियन न्यूवी यांनी भाच्याच्या रेड बुलच्या या घोडदौडीमागचं डोकं चालवलं, त्यांनीच १९९८ची हॅकिनेनची मॅकलॅरेन आखली होती. हा माणूस आजही फळ्यावर कागद लावून पेन्सिलीने रेघा ओढतो. मी भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे आत्या, आपण एकाच पार्टीचे?"

आणि २०२४च्या डिसेंबरात, त्याच अबू धाबीत, मॅकलॅरेनने संघांचं विजेतेपद मिळवलं. १९९८नंतर पहिल्यांदा. २६ वर्षं. मी एकटीच टीव्हीपुढे बसले होते, आणि खरं सांगते, मला रडू आलं. पाचच मिनिटांत दादा वर आला, हातात पेढ्यांचा पुडा. "तुझे राहिले होते," म्हणाला. २०२५ला तर सहा शर्यती बाकी असतानाच मॅकलॅरेनने पुन्हा ते घेतलं, आणि लँडो नॉरिस विश्वविजेता झाला, व्हर्स्टापेनपेक्षा फक्त दोन गुण जास्त मिळवून. आता आमच्या घरात कंटाळवाणा संघ माझा आहे. "तुमचंच तर चाललंय," असं मला दर रविवारी ऐकावं लागतं.

ऐकवते लेकच. कारण २०२५पासून हॅमिल्टन फेरारीत गेला, आणि ती उठून मामाच्या बाजूला जाऊन बसली. दादाने कपाटातून ती २०००ची लाल टोपी काढून तिला दिली. रंग विटून विटकरी झालाय, घोड्याचा एक पाय गेलाय. ती घालून ती वर्षभर बसली आणि फेरारीने सबंध वर्षात एकही ग्रां प्री जिंकली नाही. शेवटच्या शर्यतीनंतर तिने वैतागून विचारलं, "मामा, आपण जिंकणार कधी?"

"आम्ही एकवीस वर्षं थांबलो होतो," दादा म्हणाला, आणि तिच्या डोक्यावरची टोपी सरळ केली.